विल्नेलेपासून नेमुनसपर्यंत : लिथुएनियातील दोन शहरे, दोन दिवस

वॉर्सामध्ये शिकणाऱ्या आमच्या लेकीकडे आम्ही उभयता या उन्हाळ्यात राहायला गेलो, तेव्हा पोलंडबाहेर निदान एक देश पाहायचा आणि तोही तिच्या शिष्यवृत्तीला किंवा आमच्या पेन्शनला झळ न लावता, असे आमचे आधीच ठरले होते. पॅरिस आणि रोम यांची नावे सांगलीत शेजारीपाजारी सगळ्यांनी सुचवली होती, पण नकाशा पुढे घेऊन बसल्यावर लेकीने बोट ठेवले ते लिथुएनियावर. पोलंडसाठी काढलेला शेंगेन व्हिसाच तिथे चालतो, २०१५ पासून तिथले चलन युरो आहे, आणि वॉर्साहून रात्री निघालेली बस सकाळी थेट राजधानीत सोडते, इतकी कारणे पुरेशी होती. माझे कारण मात्र वेगळे होते. नकाशावर विल्निअस आणि काउनस ही दोन्ही शहरे मला नद्यांच्या संगमावर बसलेली दिसली, आणि हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर ज्यांचे बालपण गेले त्यांना असे गाव बघायला वेगळे आमंत्रण लागत नाही.

विल्नेले ही छोटी नदी विल्निअसमध्ये नेरिस नदीला मिळते. तीच नेरिस पुढे वाहत जाऊन काउनसला नेमुनस या मोठ्या नदीला मिळते आणि नेमुनस शेवटी बाल्टिक समुद्राकडे जाते. म्हणजे शनिवारी आपण ज्या पाण्याच्या काठाने चाललो, त्याच पाण्यामागोमाग रविवारी दुसऱ्या शहरात जायचे. प्रवासाचा आराखडा याहून सोपा असू शकत नाही, आणि योगायोगाने तो सगळ्यात स्वस्तही निघाला. वॉर्साकडे जाणाऱ्या पुष्कळ बस काउनसवरूनच जातात, त्यामुळे विल्निअसला उतरायचे आणि काउनसहून परत निघायचे असे केले की आलेल्या वाटेने उलटे फिरावे लागत नाही. शुक्रवारची रात्र बसमध्ये, शनिवारची रात्र विल्निअसला आणि रविवारची रात्र पुन्हा बसमध्ये काढल्यामुळे खोलीचे भाडे एकाच रात्रीचे पडले.

बसमध्ये झोप फारशी लागली नाही हे खरे, परंतु उत्तरेकडे उन्हाळ्यात रात्र इतकी लहान असते की डोळा लागतो न लागतो तोच खिडकीबाहेर उजाडले होते. लिथुएनियाचे घड्याळ पोलंडच्या एक तास पुढे असते, हे बसचे परतीचे तिकीट काढताना अवश्य लक्षात ठेवावे. विल्निअसचे बसस्थानक आणि रेल्वे स्थानक रस्त्याच्या अल्याडपल्याड आहेत आणि जुने शहर तिथून दहा मिनिटे चालत. आमच्या मुक्कामाच्या जागी सकाळपासून सामान ठेवता येईल असे आम्हाला कळवण्यात आले होते, प्रत्यक्षात दार दहापर्यंत बंदच राहिले आणि बेल वाजवून कोणी आले नाही. शेवटी रेल्वे स्थानकातल्या लॉकरमध्ये पिशव्या टाकल्या. चार युरो अकारण गेले, त्याहून वाईट म्हणजे अर्धा तास गेला. म्हणून माझे सांगणे असे की सामान एका पाठीवरच्या पिशवीत मावेल इतकेच न्यावे. दोन दिवसांना याहून जास्त काही लागत नाही.

न्याहारीसाठी लेकीने आम्हाला स्थानकाजवळच्या हालेस या जुन्या मंडईत नेले. १९०६ साली बांधलेली, लोखंडी खांबांवर उभी असलेली ही मंडई शनिवारी सकाळी गजबजलेली असते. काळ्या राय पिठाचा जड पाव, कापडात बांधून घट्ट केलेल्या चक्क्याची आठवण करून देणारा वार्श्के नावाचा दुधाचा पदार्थ, कोवळ्या काकड्या, मध आणि जागोजागी शेपूच्या जुड्या. आपल्याकडे शेपू म्हटले की निम्मे घर नाक मुरडते, या देशात तो जवळजवळ प्रत्येक ताटावर असतो. पाव, वार्श्के आणि काकडी एवढे घेऊन आम्ही मंडईतल्याच बाकावर बसलो, त्यावर सांगलीहून नेलेले भडंग पसरले आणि तिघांची न्याहारी सात युरोंत झाली. एका युरोचे साधारण शंभर रुपये धरले तर हा आकडा महाग वाटेल, पण पश्चिम युरोपातल्या मोठ्या शहरात एका माणसाच्या न्याहारीला तेवढेच जातात.

मंडईपासून पाच मिनिटांवर 'पहाटेचे द्वार' आहे. विल्निअसच्या जुन्या तटबंदीचे एवढे एकच द्वार आज शिल्लक आहे. द्वाराच्या वरच्या मजल्यावर मेरीमातेची, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या पत्र्याने मढवलेली तसबीर आहे आणि ती खालच्या रस्त्यावरूनही दिसते. हातात भाजीची पिशवी घेतलेली एक वयस्क बाई चालता चालता थांबली, पिशवी खाली ठेवली, दगडी रस्त्यावरच गुडघे टेकले, क्षणभर डोळे मिटले आणि उठून पुन्हा चालू लागली. आपल्याकडे गणपती मंदिरासमोरून सायकलवर जाणारा माणूस एक पाय टेकून, चप्पल काढून नमस्कार करतो आणि पुढे जातो, अगदी तसेच. द्वारापाशी मी बराच वेळ रेंगाळले.

विल्निअसचे जुने शहर १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते पाहायला पैसे जवळजवळ लागतच नाहीत, कारण तिथली मोठी संपत्ती म्हणजे चर्च, आणि आम्ही गेलो त्या चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य होता. संत अ‍ॅनचे चर्च तेहेतीस प्रकारच्या विटांनी रचलेले आहे. १८१२ मध्ये नेपोलियन इथून रशियावर चालून गेला तेव्हा हे चर्च तळहातावर उचलून पॅरिसला न्यावेसे त्याला वाटले, अशी आख्यायिका सांगतात. जवळ जाऊन पाहिले की तिचा अर्थ कळतो. एकाही ठिकाणी कोरलेला दगड नाही, सगळी नक्षी केवळ वेगवेगळ्या आकारांच्या भाजलेल्या विटांची आहे, आणि दुपारच्या उन्हात त्या विटा आपल्या कौलांसारख्या लालसर तापलेल्या दिसतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला संत पीटर आणि पॉल यांचे चर्च आहे, बाहेरून साधे आणि आत गेल्यावर पांढऱ्या चुन्याच्या सुमारे दोन हजार मूर्ती भिंतींवर आणि छतावर. पायपीट वाढली तरी ते चुकवू नये असे मला वाटते.

मुख्य कॅथेड्रलसमोरच्या चौकात फरसबंदीत बसवलेली एक फरशी आहे, तिच्यावर 'स्तेबुक्लास' म्हणजे 'चमत्कार' हा शब्द आहे. २३ ऑगस्ट १९८९ रोजी लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या तीन देशांतले सुमारे वीस लाख लोक एकमेकांचे हात धरून विल्निअसपासून टाल्लिनपर्यंत उभे राहिले. साधारण सहाशे किलोमीटरची ती मानवी साखळी सोव्हिएत सत्तेला 'आम्हाला आमचा देश परत हवा' एवढेच सांगत होती. त्या साखळीचे टोक या फरशीपाशी होते. लोक तिच्यावर उभे राहून स्वतःभोवती गिरकी घेतात आणि इच्छा मागतात, पण माझ्या मनात आले ते वेगळेच. सांगलीहून सहाशे किलोमीटर म्हणजे जवळजवळ हैदराबादच्याही पुढे, आणि तेवढ्या वाटेवर एकही हात सुटलेला नाही. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९९० रोजी, लिथुएनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले, परंतु ते फुकट मिळाले नाही. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री टीव्ही मनोऱ्यापाशी जमलेल्या निःशस्त्र लोकांवर रणगाडे घालण्यात आले आणि त्यात चौदा माणसे गेली. गेदिमिनास मार्गावर केजीबी या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या पूर्वीच्या मुख्यालयाच्या बाहेरच्या दगडांवर मारल्या गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत. आत संग्रहालय आहे, तिकीट काढले नाही तरी बाहेरून चालत जाताना ती नावे वाचावीत. आम्ही तिघे त्या भिंतीशेजारून एक शब्दही न बोलता गेलो.

गेदिमिनासच्या टेकडीवर चढायला पैसे लागत नाहीत, बुरुजाच्या आत जायचे तर तिकीट आहे. गेदिमिनास या राजाने १३२३ साली युरोपातल्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना पत्रे लिहून आपल्या नगरात येण्याचे आमंत्रण दिले, आणि त्या पत्रांतच विल्निअसचा पहिला लेखी उल्लेख सापडतो. काही वर्षांपूर्वी या टेकडीचे उतार ढासळू लागले होते आणि ते सावरण्याचे मोठे काम करावे लागले. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बुरुजाकडे पाठ करून त्यांनी उताराच्या कडेने काढलेल्या पाण्याच्या वाटा किती वेळ निरखल्या ते मी सांगत नाही. टेकडीवरून नेरिस दिसते, आणि पायथ्याशी उतरून मिंडाऊगस पुलाकडे गेले की झाडांच्या सावलीतून आलेली विल्नेले तिला गुपचूप मिळताना सापडते. मुखापाशी ती जेमतेम आपल्या एखाद्या ओढ्याएवढी आहे, आणि तरीही पूर्ण राजधानीला नाव दिले ते तिने.

दुपारचे जेवण 'वाल्गीक्ला' म्हणजे साध्या खानावळीत घेतले. हा शब्द पाठ करून ठेवावा, कारण पर्यटकांच्या गल्लीतले हॉटेल आणि वाल्गीक्ला यांच्या दरांत निम्म्याने फरक पडतो. शाल्तिबार्श्चेई नावाचे थंड सूप समोर आले तेव्हा त्याचा रंग पाहून यांनी आधी चमचा बाजूलाच ठेवला. केफिर नावाच्या आंबट दह्यात किसलेले बीट, काकडी, पात आणि भरपूर शेपू, त्यामुळे रंग अगदी गडद गुलाबी. वर उकडलेले अंडे असते, ते आम्ही नको सांगितले. शेजारी वेगळ्या बशीत वाफाळते बटाटे. एक चमचा थंडगार सूप आणि एक घास गरम बटाटा असे खायचे असते. बिटाची कोशिंबीर आणि मठ्ठा एकाच वाटीत कालवले तर जे होईल त्याच्या जवळपासची ती चव आहे, आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर चालल्यावर तिच्याइतके सुखाचे काही नाही. 'त्सेपेलिनाई' हे बटाट्याच्या किसाचे मोठे उकडलेले गोळे बहुधा मांस भरलेले असतात, परंतु वार्श्के भरलेलेही मिळतात. शाकाहारी माणसाने त्यावरच्या परतलेल्या चरबीच्या तुकड्यांविषयी आधीच विचारून घ्यावे, कारण ते न सांगता वरून घालतात. तळलेल्या काळ्या पावावर लसूण चोळून देतात ती 'केप्ता दुओना' मात्र बेधडक मागवावी. तिघांचे पोटभर जेवण एकवीस युरोंत झाले.

संध्याकाळ उझुपिससाठी राखून ठेवली होती. उझुपिस या नावाचा अर्थच 'नदीपलीकडचे', म्हणजे पूल ओलांडला की लागणारी आमची सांगलीवाडी. एकेकाळी पडकी आणि बदनाम असलेली ही वस्ती चित्रकार आणि लेखकांनी हळूहळू आपलीशी केली आणि १ एप्रिल १९९७ रोजी तिला स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून जाहीर केले. तिची राज्यघटना एका भिंतीवर अनेक भाषांतल्या चकचकीत धातूच्या पत्र्यांवर लावलेली आहे. पहिलेच कलम असे की प्रत्येकाला विल्नेले नदीकाठी राहण्याचा हक्क आहे, आणि विल्नेले नदीला प्रत्येकाच्या शेजारून वाहण्याचा हक्क आहे. लोक हे वाचून हसतात आणि फोटो काढतात. मला ते हसण्यासारखे वाटले नाही. नदीच्या हक्काचे वाहणे आपण अडवले, तिच्या पात्रात आणि ओढ्या-नाल्यांवर बांधत सुटलो, तर ती तो हक्क वसूल करते, हे सांगलीने २००५ मध्ये पाहिले आणि २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा पुन्हा पाहिले. आमच्या गल्लीतल्या पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत तेव्हा पाणी होते. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतले. साडेनऊ वाजून गेले तरी आकाशात उजेड होता, त्यामुळे एका शनिवारात दीड दिवस मिळाल्यासारखे झाले.

रविवारी सकाळी काउनसची रेल्वे घेतली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या आसपास आणि तिकीट माणशी आठ युरो. गाडीत लेकीने आम्हाला लिथुएनियन अंक ऐकवले : दु, त्रीस, केतुरी, पेंकी, शेशी, सेप्तीनी, अश्तुओनी, देवीनी, देशिम्त. शाळेत शिकलेले संस्कृत मला इतक्या वर्षांनी असे परदेशातल्या गाडीत भेटेल असे वाटले नव्हते. अग्नीला 'उग्निस', धुराला 'दूमाई', मुलाला 'सूनुस'. भाषेचे अभ्यासक या भाषेला एवढे महत्त्व का देतात ते मला त्या सव्वा तासात कळले. काउनस येण्याआधी गाडी सव्वा किलोमीटरहून लांब अशा, १८६० च्या दशकात सुरू झालेल्या एका बोगद्यातून जाते, आणि बाहेर पडली की स्थानक येते.

विल्निअस त्या काळी पोलंडच्या ताब्यात गेल्यामुळे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात काउनस ही देशाची तात्पुरती राजधानी होती. त्या वीस वर्षांत या शहराने घाईघाईने बँका, टपाल कार्यालय, शाळा आणि घरे बांधली, आणि त्या काळातील आधुनिक वास्तुकलेसाठी २०२३ मध्ये काउनसचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लाइस्वेस आलेया म्हणजे 'स्वातंत्र्य मार्ग' हा दीड किलोमीटरहून लांबीचा, मधोमध लिंडेन झाडांच्या रांगा असलेला रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. काउनसचा निम्मा दिवस याच रस्त्यावर काढला तरी वाया जात नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी लिथुएनियातील राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो, आणि आम्ही तारीख मुद्दाम तीच धरली होती. त्याचा फायदा घेऊन 'सैतान संग्रहालय' पाहिले. चित्रकार अंतानास झ्मुइद्झिनाविचुस यांनी जमवायला सुरुवात केलेल्या सैतानांच्या मूर्ती आता हजारोंनी आहेत. लाकडाचे, मातीचे, दारू पिणारे, फसलेले आणि फसवणारे असे हे सैतान बहुतेक वेळा आपल्या मुंजासारखे, थोडे खोडकर आणि थोडे मूर्ख दिसतात. एका काचेत मात्र हिटलर आणि स्टालिन हे दोन सैतान लिथुएनियाच्या भूमीवर पसरलेल्या हाडांवर नाचताना दाखवले आहेत, आणि तिथे खोडकरपणा संपतो.

काउनसच्या बाहेर नववा किल्ला आहे, जिथे नाझी काळात तीस हजारांहून अधिक ज्यू मारले गेले. शहरातच चिउने सुगिहारा या जपानी उपवाणिज्यदूताचे घर आहे, ज्याने १९४० च्या उन्हाळ्यात आपल्या सरकारची परवानगी नसताना दोन हजारांहून अधिक व्हिसे हाताने लिहून दिले आणि त्यांवर हजारो ज्यूंचे प्राण वाचले. सुगिहाराचे घर आम्ही पाहिले. नवव्या किल्ल्यावर गेलो नाही, कारण तो दोन बसच्या मधल्या तासाभरात 'उरकण्याची' जागा नाही. तिथे जायचे तर अर्धा दिवस त्यालाच द्यावा. विल्निअसजवळच्या त्राकाई गावचा तळ्यातला किल्लाही याच दोन दिवसांत कोंबण्याचा मोह पुष्कळांना होतो, त्यांनी तिसरा दिवस काढावा.

दुपारनंतर आम्ही जुन्या काउनसमधून नदीकडे निघालो. चौकातला उंच पांढरा टाऊन हॉल लोकांनी 'पांढरा हंस' या नावाने ओळखावा इतका डौलदार आहे. त्याच्यापासून दोन मिनिटांवर, थेट नेमुनसच्या काठावर, इ. स. १४०० च्या सुमारास बांधलेले विताउतास राजाचे विटांचे चर्च आहे. बाहेरच्या भिंतीवर मार्च १९४६ च्या महापुराची पातळी दाखवणारी खूण आहे, माझ्या डोक्याच्या बरीच वर. हे तिच्यासमोर उभे राहिले, हात वर करून पाहिला, वळून नदीकडे पाहिले, आणि 'इथून पात्र केवढे खाली आहे बघ' एवढेच म्हणाले. आमच्याकडे भिंतीवर अशी खूण पाहिली की माणूस त्या दिवशी आपण कुठे होतो ते आठवू लागतो. इथले पूर पावसाचे नसत. वसंतात नदीवरचा बर्फ फुटून त्याचे तुकडे संगमावर अडकत, बांध घातल्यासारखे होई आणि मागचे पाणी शहरात शिरे. पुढे काउनसच्या वरच्या बाजूला नेमुनसवर धरण बांधले, १९६० पर्यंत वीजनिर्मिती सुरू झाली आणि पुरांचा जोर ओसरला. त्या जलाशयाखाली अनेक गावे गेली, रुमशिश्केस गावाचे लाकडी चर्च तर उचलून वरच्या जागी पुन्हा उभारावे लागले. कोयनेच्या पोटात गेलेल्या गावांची नावे यांना पाठ आहेत. ती त्यांनी लेकीला तिथेच, चर्चच्या पायरीवर बसून, एकेक करून सांगितली.

पुढे नेमुनसवरचा अलेक्सोतास पूल आहे. एकोणिसाव्या शतकात पुलाच्या अलीकडे रशियाचे ज्युलियन पंचांग चाले आणि पलीकडे पोलिश राज्यातले ग्रेगोरियन, दोहोंत बारा दिवसांचे अंतर. म्हणून हा पूल ओलांडायला बारा दिवस लागतात, जगातला सगळ्यात लांब पूल हाच, असे काउनसकर अजूनही सांगतात. आम्ही तो काही मिनिटांत ओलांडला, पलीकडच्या पायऱ्या चढून टेकडीवर गेलो, आणि तिथून दोन्ही नद्या आणि त्यांच्यामधले जमिनीचे हिरवे टोक एका नजरेत दिसले.

संगमाला लिथुएनियन भाषेत 'सान्ताका' म्हणतात. त्यातला 'सान्' हा आपल्या 'सम्'चाच भाऊबंद, आणि 'तेकेती' म्हणजे वाहणे. सम् आणि गम् यांचा संगम, सान् आणि तेकेती यांची सान्ताका. खाली उतरून आम्ही त्या टोकावर गेलो. तिथे बाग आहे, गवतावर कुटुंबे बसली होती, दोन म्हातारे गळ टाकून उभे होते. उजवीकडून नेरिस येत होती, शनिवारी विल्नेलेला पोटात घेतलेली. मी चपला काढून पाण्यात पाय घातले. पाणी मेअखेरीसही चांगलेच गार होते. हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर करतात तसे ओंजळभर पाणी सोडून नमस्कार केला, तेव्हा एका म्हाताऱ्याने गळावरचे लक्ष न काढता मान किंचित लववली.

परतीची बस रात्री साडेदहाची होती आणि बसस्थानक रेल्वे स्थानकाच्याच बाजूला असल्याने स्वातंत्र्य मार्गावरून पुन्हा चालत गेलो. वाटेत लेकीने मोबाईलवर हिशेब मांडला : दोन्ही वेळच्या बससह माणशी एकशे आठ युरो, म्हणजे जवळजवळ अकरा हजार रुपये, त्यांतले सत्तेचाळीस युरो केवळ बसचे. भडंगाची शेवटची पुडी तिने काउनसच्या फलाटावर फोडली. पहाटे वॉर्साला पोहोचलो, आणि नऊच्या तासाला ती वेळेवर वर्गात होती.